वाचक विचारतात: गिरणी आली आणि घर दोन जागी वाटलं गेलं

मागच्या अंकात आपण मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांचे फोटो छापले होते. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून ते एकत्र केलेत, नावं न देता फक्त गावं दिलीत.

प्रश्न (डोंबिवली): माझी आजी सांगते की लालबागला तिच्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. पण भोंगा नव्हता तेव्हाही लोक राबत होतेच ना? मग गिरणीने असं वेगळं काय केलं?

राबत तर होतेच, आणि कमी नाही. भाताची लावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून उभं राहणं, ते ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्या कामाला एक ओघ होता, पेरणी, लावणी, कापणी, झोडणी, मग मधले थोडे सैल महिने, त्यात घर शाकारायचं, लग्नं उरकायची, जत्रेला जायचं. पाऊस लागला की काम थांबायचं, अंगात कसर असली तर बांधावर तासभर टेकलं तरी कोणी पगार कापत नव्हतं (सावकार आणि खोत कापायचे ते वेगळ्या मार्गाने, म्हणजे गावात सुख होतं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये).

गिरणीत काय झालं ते समजायला तिथलं इंजिन समजून घ्यावं लागतं. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 ला कंपनी काढली आणि 1856 ला ताडदेवला त्यांची सूतगिरणी सुरू झाली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं प्रत्येक गिरणीचं हृदय म्हणजे एक मोठं वाफेचं इंजिन. त्या इंजिनावरून छताखालून लांबच लांब शाफ्ट जायचे, शाफ्टवर पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर सगळी मशीनं. म्हणजे इंजिन सुरू झालं की सगळं खातंच्या खातं एकदम सुरू. आपला साचा (म्हणजे माग) मी जरा उशिरा सुरू करतो, दुपारी थोडा आराम करून मग भरून काढतो, असं म्हणायची सोयच नाही. हजार माणसं एकाच मिनिटाला दारात हवीत, म्हणून भोंगा. ज्यांच्या घरात घड्याळ नाही त्या हजार माणसांना उठवायचं दुसरं साधन तेव्हा नव्हतंच.

सुरुवातीला निदान सूर्य तरी होता मधे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे थंडीत दिवस लहान आणि उन्हाळ्यात तेरा चौदा तास. मग 1905 च्या आसपास गिरण्यांमधे विजेचे दिवे आले, आणि दिवे आल्यावर कामगाराचं काम सोपं व्हायला हवं होतं की नाही? झालं उलटं, आता अंधार पडला म्हणून थांबायचं कारण उरलं नाही, आणि तेजीच्या दिवसात काही गिरण्या चौदा पंधरा तास चालायला लागल्या. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते, की एक चांगला शोध आला आणि त्याने माणसाची संध्याकाळ खाल्ली.

वेळ कोणाची हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता त्याचं एक उदाहरण सांगते. 1906 च्या जानेवारीत सरकारने सगळ्या देशाला एक स्टँडर्ड टाईम लावला, तो जुन्या मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे होता. गिरण्यांनी घड्याळं पुढे केली, म्हणजे कामगारांच्या हिशोबाने पाळी तेवढी लवकर सुरू झाली, आणि काही गिरण्यांमधले कामगार काम सोडून बाहेर आले, गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. इतिहास शिकवताना याला दंगा म्हणून सोडून देतात पण मला ते लोक अगदी बरोबर वाटतात, त्यांना माहीत होतं की ती 39 मिनिटं नक्की कोणाच्या झोपेतून जाणार आहेत ते.

आणि रविवार. आठवड्याची सुट्टी आज इतकी अंगवळणी पडलीये की ती कोणीतरी मिळवली होती हेच विसरायला होतं. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, त्यांनी 1884 च्या सप्टेंबरमधे परळला कामगारांच्या सभा घेतल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. मागण्या वाचल्या तर पोटात कालवतं: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातात, आणि कामावर जखमी झालं तर बरं होईपर्यंत पगार. एवढंच. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन बायका पण बोलल्या, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी गिरणी मालकांच्या संघटनेने मान्य केली. त्यामुळे पुढच्या रविवारी उशिरा उठाल तेव्हा हे नाव घरातल्या पोरांना नक्की सांगा, शाळेच्या पुस्तकात ते फार कमी येतं.

प्रश्न (राजापूर): आमच्या घरात पणजोबा, आजोबा, वडील तिघेही गिरणीत, आणि पणजी, आजी, आई तिघीही गावाला. वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला भेट. लोक म्हणतात कोकणी माणसाला गाव सुटत नाही. खरंच एवढंच कारण होतं का?

नाही, एवढंच नव्हतं. गावाची ओढ होती हे खरंय पण त्या ओढीवर सगळं ढकललं की हिशोब झाकला जातो, आणि मला वाटतं गिरण्यांचा सगळा इतिहास खरं तर या एका हिशोबात आहे.

गिरणीचा पगार हा एका माणसाच्या पोटापुरता होता. एक माणूस, तो पण खोलीत पंधरा वीस जणांबरोबर राहणारा, खाणावळीत जेवणारा, उरलेलं मनीऑर्डरने गावी पाठवणारा. त्याच पगारात बायको, चार पोरं, म्हातारे आईवडील मुंबईत ठेवायचे म्हटलं तर भागणारच नव्हतं. मग ते भागायचं कसं? तर पणजी गावाला नांगरणीला माणूस बघत होती, लावणी करत होती, गुरं बघत होती, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं काढत होती, पोरं वाढवत होती, आणि ती पोरं सोळा सतरा वर्षांची झाली की परत गिरणीलाच जात होती. म्हणजे कामगार वाढवायचा खर्च गावाने करायचा, तो थकला, आजारी पडला, छातीत कापसाची धूळ बसून खोकायला लागला की सांभाळायचा पण गावानेच, आणि मधली ताकदीची वीस पंचवीस वर्षं गिरणीने घ्यायची. मुंबईचं कापड स्वस्त पडायचं त्यात तुमच्या पणजीच्या भाताच्या खंडीचा वाटा आहे, आणि तो वाटा कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेला नाही.

आता खोलीचं बघा. प्लेगची साथ 1896 ला आली तेव्हा शहर अक्षरशः रिकामं झालं, कामगार गावाला पळाले, गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालल्या, तेव्हा सरकारला कळलं की माणसं किती कोंदट जागेत राहतायत. मग 1898 ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला, त्यांच्या बीआयटी चाळी, आणि 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या बीडीडी चाळी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी अशा दोनशेहून जास्त इमारती. पण खोली किती? साधारण दहा बाय बारा, संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून एकत्र. या खोलीत एकतर एक कुटुंब आणि वर दोन चार नात्यातले, किंवा मग गावकीची खोली. गावकीची खोली म्हणजे एका गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेली, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी, आणि पाळीप्रमाणे झोपायचं. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची, हे तीन पाळ्यांचं गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सगळीकडे पक्कं झालं, त्यामुळे एकजण उठून गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा. पावसाळा नसेल तर गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. अशा खोलीत बायकोला आणायची कुठे हो?

1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. हा आकडा वाचताना मी नेहमी दुसऱ्या बाजूने वाचते, म्हणजे रत्नागिरी, सातारा भागात किती घरांमधे तेव्हा कर्ता पुरुष नव्हता. त्या बायकांबद्दल फार कमी लिहून ठेवलंय. मनीऑर्डर आली की पोस्टमन वाचून दाखवायचा, पत्र लिहायला मास्तर नाहीतर शेजारचा शिकलेला मुलगा, म्हणजे नवराबायकोचं बोलणं पण तिसऱ्या माणसासमोर.

जेवणाचं काय, तर खाणावळ. कामगारांच्याच बायका, विधवा बायका, चाळीतल्या त्याच खोलीत दहा वीस जणांचं रांधायच्या, पाळीप्रमाणे दिवसातून तीन चारदा चूल पेटायची आणि महिन्याच्या शेवटी पैसे. गिरणीचा पगार उशिरा म्हणजे खाणावळवालीला पण उशिरा, मग वाण्याची उधारी, त्यावर व्याज. 1975 ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून, कारण तोपर्यंत या कामाला कोणी धंदा म्हणायलाच तयार नव्हतं.

पगार उशिरा हे पण नीट सांगते. महिना भरला तरी पैसे पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत अडकवून ठेवायची पद्धत होती. म्हणजे गावाहून नवा आलेला पोरगा पहिला पगार दीड महिन्यानंतर बघणार. तोपर्यंत त्याला जगवणार कोण, तर गाववाले, खाणावळ आणि वाणी. शिवाय नोकरी लावून देणारा जॉबर, त्याची दस्तुरी (दलाली) वेगळी, आणि बदली कामगार असलात तर रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. वेळेत पगार द्यायचा कायदा 1936 ला झाला, म्हणजे गिरण्या सुरू होऊन ऐंशी वर्षं झाल्यावर.

पण याच गावाने एक ताकद पण दिली, ती सांगितली नाही तर चित्र अर्धवट राहील. 1928 चा संप सहा महिने चालला, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, गिरणी कामगार युनियन त्याच संपातून उभी राहिली. मालक लोक तीन तीन साचे एकाच विणकराला चालवायला लावत होते, कामगार कमी करत होते, त्याविरुद्ध तो संप होता. शहरात भाडं, उधारी थकलेली असताना माणसं सहा महिने कशी टिकली? तर बरेच जण सरळ गावी गेले, शेतीवर लागले, घरच्या भातावर राहिले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा पण हेच झालं, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि एसट्या भरभरून कोकणात आणि घाटावर गेल्या. फक्त यावेळी परत बोलावणं आलं नाही. त्या संपाचा भार कोणी उचलला असं विचारलंत तर मी म्हणेन तुमच्या आईने, गावी राहून.

प्रश्न (ठाणे): इंग्लंडमधे पण कारखान्यांनी असंच केलं असेल ना? मग आपल्याकडे कामाच्या तासांचे कायदे इंग्रजांनीच का आणले?

तिथे पण लहान मुलं गिरण्यांमधे होती, तिथल्या कामगारांनी पण दहा तासांसाठी कितीतरी वर्षं भांडण केलं. आणि आपल्याकडचा 1881 चा फॅक्टरी ॲक्ट आला तेव्हा त्यामागे दयाळू माणसं होतीच, पण इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांचा पण दबाव होता, त्यांना मुंबईचं स्वस्त सूत नको होतं. कायद्याने काय दिलं तर सात वर्षांखालची मुलं कामावर नकोत, आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त नको. नऊ तास, सात वर्षांच्या मुलाला! मोठ्या पुरुषांच्या तासांवर पहिलं बंधन 1911 ला आलं, बारा तासांचं. 1922 ला अकरा, 1934 ला दहा, आणि आठवड्याला 48 तास हे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर.

प्रश्न (पुणे): गिरणीत सगळ्या जातीचे लोक एकत्र काम करायचे, त्यामुळे शहरात जातपात मोडली असं आम्हाला शिकवलं गेलं. हे कितपत बरोबर आहे?

अर्धं बरोबर आहे, आणि चुकीचा अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे.

गिरणीत सगळ्यात चांगला पगार साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होता. धोट्यातली (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा) सुताची कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा, अशी पद्धत होती. एकाच धोट्याला वेगवेगळ्या माणसांचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी दलित कामगारांना त्या खात्यात येऊच दिलं नाही, आणि मालकांनी, जॉबरांनी ते चालू दिलं. मग दलित कामगार कुठे, तर रिंग (सूत कातायच्या) खात्यात आणि अशाच कमी पगाराच्या कामांवर. पिण्याच्या पाण्याची भांडी वेगळी, चाळींमधे वस्त्या वेगळ्या.

1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला, की कामगारांच्या मागण्यांच्या यादीत दलितांना साचाखातं खुलं करण्याची मागणी पण हवी. सुरुवातीला पुढारी तयार नव्हते, नंतर घ्यावी लागली. बाबासाहेब हे पुस्तकात वाचून बोलत नव्हते, ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिले होते, खालीवर, शेजारीपाजारी सगळी गिरणी कामगारांचीच बिऱ्हाडं.

आणि तोंडाने धागा ओढण्याची ती पद्धत कोणाच्याच फायद्याची नव्हती, कापसाची धूळ, रंग, एकमेकांची थुंकी सगळं पोटात आणि छातीत जायचं. पण ती पद्धत मोडायच्या आधी त्या पद्धतीच्या नावाखाली माणसं बाहेर ठेवली गेली.

चांगलं काय झालं तर रोकड पगार हातात आला, बलुतं मागायला दारात उभं राहायची वेळ गेली, गावातला दबाव शहरात तसाच्या तसा चालेना, मुलं म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेली. यातून पुढे चळवळ उभी राहिली. म्हणजे कारखान्याने जात मोडली नाही, पण जातीशी भांडायला लागणारा थोडा पैसा आणि थोडी जागा मिळाली, आणि बाकीचं लोकांनी केलं.

प्रश्न (नागपूर): आमच्याकडे एम्प्रेस मिलमधे माझी पणजी कामाला होती. मुंबईच्या फोटोंमधे मात्र बायका जवळपास दिसतच नाहीत. मुंबईत बायका नव्हत्या का?

होत्या ताई, आणि भरपूर होत्या. (तुमची एम्प्रेस 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, जमशेटजी टाटांनी काढलेली, तिचा इतिहास मोठा आहे, त्यावर वेगळा लेख करू.) मुंबईत 1920 च्या दशकापर्यंत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या कामावर. त्यांच्यावर नायकीण असायची, जॉबरसारखीच, तीच घेणार, तीच काढणार.

रीलिंगचं काम का होतं तर मुंबईचं सूत मोठ्या प्रमाणात चीनला जायचं आणि ते लडी करून पाठवायला लागायचं. चीनचा बाजार हातचा गेला तसं रीलिंग आटलं. मग रॅशनलायझेशन आलं, कमी माणसात जास्त काम, त्यात आधी बायका गेल्या. रात्री बायकांनी काम करायचं नाही हा नियम संरक्षणासाठी होता पण तीन पाळ्या सुरू झाल्यावर मालक म्हणायला लागले की मग पुरुषच ठेवू. 1929 ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, देशात पहिला, तो आवश्यकच होता, पण त्याचा खर्च टाळायला पण बायका घेणं कमी झालं. इथे मला फार वाईट वाटतं कारण कायदा चुकीचा नव्हता, चुकीचं होतं ते खर्च टाळायची मोकळीक देणं.

आणि पोरं. कामावर जाताना तान्हं मूल कोणाकडे ठेवणार? बरीच मुलं शेजारणीकडे नाहीतर मोठ्या बहिणीकडे, आणि ती दिवसभर झोपून राहावीत म्हणून अफूची बाळगोळी द्यायचे. हे 1920 च्या दशकात मुंबईतल्या डॉक्टर बाईंनी पाहणी करून लिहून ठेवलंय. त्या आयांना दोष देण्याआधी दहा अकरा तासांची पाळी, घरचा स्वयंपाक, नळावरची पाण्याची रांग हे सगळं एका दिवसात बसवून बघा. पाळणाघरं नंतर आली, ती पण सगळीकडे नाही.

प्रश्न (इचलकरंजी): गिरण्यांनी हातमाग संपवला असं म्हणतात. पण आमच्या पेठेत तर आजोबांपर्यंत हातमाग चालू होते.

तुमचं बरोबर आहे. गिरणीने आधी संपवली ती हाताची सूतकताई. ती मुख्यतः बायकांची कमाई होती, घरबसल्या, म्हाताऱ्या बायका, विधवा बायका त्यावर चार पैसे मिळवायच्या, गिरणीचं सूत आलं आणि ती कमाई गेली, त्याचा फारसा गाजावाजा पण झाला नाही. विणकर मात्र गिरणीचंच सूत विकत घेऊन विणत राहिले. जाडंभरडं कापड गिरणीने घेतलं, पण काठाची नऊवारी, पदर, वेगवेगळे रंग हे गिरणीला परवडत नव्हतं, तिथे हातमाग टिकला. सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली लोकांनी तर मोठा धंदा उभा केला. फक्त हळूहळू स्वतःच्या मागावर बसणारा विणकर कमी झाला आणि सावकाराच्या नाहीतर कारखानदाराच्या मागावर मजुरीने बसणारा वाढला.

इचलकरंजीत 1904 ला पहिला यंत्रमाग आला. आणि 1982 च्या संपानंतर मुंबईचं विणकाम भिवंडी, मालेगाव, तुमच्याकडे सरकलं, गिरण्यांचे जुने साचे पण भंगारात जाऊन तिकडच्या शेडमधे बसले. तिथे बारा बारा तासांची पाळी, पीसरेटवर (जेवढं विणलं तेवढ्याच्या हिशोबाने) मजुरी, बहुतेक ठिकाणी पीएफ नाही. लोखंडे ज्यासाठी अर्ज घेऊन उभे होते त्यातलं बरंच काही या शेडमधे अजून पोचलेलं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघता.

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, सातारा): माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. ते आता नाहीत. मला त्यांची माहिती काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

घरापासूनच कर बाळा. पत्र्याची ट्रंक, देव्हाऱ्याखालचा डबा, जुनी रेशनकार्डाची पिशवी बघ. शोधायचं काय: हजेरी पास किंवा गिरणीचं ओळखपत्र, त्यावर तिकीट नंबर आणि खातं असतं. ईएसआयचं कार्ड. पीएफची पावती. सर्व्हिस सर्टिफिकेट, असलं तर. पगाराची स्लिप मिळाली तर त्यावर बेसिक किती, महागाई भत्ता किती आणि सोसायटीच्या कर्जाची कपात किती ते उतरवून काढ, घर कसं चालत होतं ते त्यातून कळतं. मूळ कागद कोणाला देऊ नकोस, फोटो काढून ठेव. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर ते गिरणीच्या पटावर असतील तर गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारस म्हणून घरच्यांनी अर्ज केलाय का ते वडिलांना विचार, आणि त्याची चौकशी थेट म्हाडाच्या मुंबई मंडळात करा, मधल्या एजंटला पैसे देऊ नका.

मग माणसं. गावात त्यांच्याच खोलीवर राहिलेलं कोणी असेल, आणि असतंच, त्यांना विचार खोली कुठल्या चाळीत, जॉबर कुठल्या गावचा, बदलीवर किती वर्षं काढली, साचे किती चालवायचे. आणि आजी असतील तर त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा, कारण लोक त्यांना विचारतच नाहीत. मनीऑर्डर किती यायची, महिन्याच्या कितीला यायची, संपात काय खाल्लं, औताला बैल कोणाचे घ्यायच्या, दागिना मोडला का आणि कधी. फोनवर रेकॉर्ड कर, त्यांच्या परवानगीने, आणि दोन तीन बैठकीत कर, एका दमात सगळं विचारू नकोस.